काचमामासाठी रुंद केलेला बोळ

काचमामाला आपला जावई किती कळला होता, असं कोणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर ‘फार थोडा’ असंच द्यावं लागेल. एका घरात इतकी वर्षं राहून, एका नळाखाली हात धुऊन, रोज समोरासमोर बसून जेवूनही म्हाताऱ्याला त्याच्याबद्दल ठामपणे सांगता येतील अशा गोष्टी हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या. तो उंच होता आणि दारातून येताना गरज नसतानाही वाकायचा. चहा गार करून प्यायचा. पाणीपुरवठा कार्यालयात नोकरीला होता. बोलायचा कमी, आणि बोललाच तर वाक्य अर्ध्यावर सोडून समोरच्याकडे असा बघायचा, की उरलेलं तुम्हीच काय ते पुरं करा. बाकीचं जे कळलं ते उशिरा, तेही एका परक्या बाईच्या तोंडून. ते कळलं तेव्हा म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला.

आता जावई नाही. कार्यालयात टेबलावर डोकं टेकून बसलेला दिसला. शेजारच्यांना वाटलं, खाली काहीतरी पडलंय ते शोधतोय. बऱ्याच वेळाने कोणीतरी हाक मारली. इतकं साधं होतं ते, आणि साधं होतं म्हणूनच अजून खरं वाटत नाही. आजही जिन्यात पावलं वाजली की काचमामाची मान दाराकडे वळते.

काचमामा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. आरसे आणि फोटोफ्रेमच्या दुकानात सगळा जन्म गेला, म्हणून गल्लीने ठेवलेलं. बायको गेल्यावर तो एकटाच अंडी उकडून खाऊ लागला, तेव्हा मुलगी नवऱ्याला घेऊन त्याच्याकडेच राहायला आली. कोणी जावयाला ‘काय घरजावई’ म्हणून चिमटा काढला, तर तो हसायचा आणि वाकून दारातून आत जायचा. सासरा आणि जावई दोघेही भिडस्त. मुलगी बाहेर गेली की दोघं बैठकीच्या खोलीत असे बसत, जशी दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघणारी दोन अनोळखी माणसं. दोघंही एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणायचे.

“उकडतंय,” सासरा म्हणायचा.

“हो. पंखा…”

“लावा.”

एवढ्यावर संध्याकाळ निघायची.

जावयाचं काम तसं मजेशीर होतं. पाण्याचं मीटर वाचायला घरोघर जाणारी जी माणसं असतात, त्यांच्या हातात एक छोटा कॉम्प्युटर असतो. तळहातात मावणारा, करड्या पडद्याचा, प्लॅस्टिकची काडी पडद्यावर टेकवून चालवायचा. ती यंत्रं चालू ठेवणं हे त्याचं काम. कार्यालयात नवी यंत्रं आली तेव्हा जुनी खोक्यात भरून अडगळीत गेली. त्यातली काही याने साहेबांना विचारून घरी आणली. मागच्या खोलीत त्याचं एक टेबल होतं. त्यावर उघडून ठेवलेली यंत्रं, बाटल्यांच्या झाकणांत बारीक बारीक स्क्रू. सुट्टीच्या दिवशी तो तिथे जाऊन बसला की जेवायला हाका माराव्या लागत.

“माझी सवत आहे ती,” मुलगी यंत्राकडे बोट दाखवून म्हणायची. “फक्त बांध्याने बारीक आहे.”

तो तिथे खेळ बनवतो, एवढं म्हाताऱ्याला ऐकून माहीत होतं. चांगला बाप्या माणूस खेळ का बनवतो, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

मग एका सकाळी चहाचा कप काचमामाच्या हातातून सुटला. तो कप खाली जाताना बघत राहिला. पकडायला हात पुढे गेलाच नाही. डॉक्टर म्हणाले, झटका हलका होता, थोडक्यात निभावलं. बोलणं शाबूत राहिलं, पाय चार-आठ दिवसांत ताळ्यावर आले. उजवा हात मात्र परत आला तो पाहुण्यासारखा. आहे म्हणायला आहे, पण घरचं काम त्याला सांगायची सोय नाही. शर्टाचं बटण लावताना बोटं भलतीकडेच जायची.

दुसऱ्या कुणाचं भागलंही असतं. पण ज्याने काच कापलीय त्याला विचारा. हिरकणी, म्हणजे काच कापायची हिऱ्याची लेखणी, काचेवर एका दमात ओढावी लागते, दाब पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा. मधे हात थबकला, किंचित थरथरला, की रेघ वरून सरळ दिसते आणि मोडताना चीर मनाला येईल तिकडे पळते. लहान काच असेल तर काच वाया जाते. मोठी असेल तर वरचा तुकडा निसटून थेट मनगटावर येतो. काचमामा ज्यांच्या हाताखाली काम शिकला, त्या उस्तादांची दोन बोटं कधी मिटत नसत, ती अशानेच.

घरी व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी रबरी चेंडू दिला आणि सांगितलं, येता-जाता दाबत राहा. काचमामाने तो दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी भिंतीवर मारला. चेंडू कपाटाखाली गेला आणि तिथेच राहिला.

“दाबून दाबून मी काय सरबताचं दुकान काढणार आहे?”

“बाबा, हात बरा व्हायला नको का?” मुलगी म्हणाली.

“काच कापायची म्हणजे चेंडू दाबायचा नसतो, चिमे. रेघ ओढायची असते.”

हे मागच्या खोलीत ऐकू गेलं असावं. कारण थोड्याच दिवसांनी जावई एक यंत्र घेऊन आला आणि म्हाताऱ्यापुढे धरून उभा राहिला. “बघा, म्हणजे… जमलं तर.”

खेळाचं नाव ‘बोळ’. पडद्यावर दोन भिंती, मधून वेडीवाकडी वळणं घेत जाणारी वाट. तोंडाशी एक काळा ठिपका. त्याच्यावर काडी टेकवायची आणि न उचलता, भिंतीला न लागता, त्याला पलीकडच्या टोकाला न्यायचं. काडी भिंतीला लागली की ठिपका पुन्हा तोंडाशी. एक बोळ पार झाला की पुढचा, आधीच्यापेक्षा अरुंद. सुरुवातीला यंत्र खेळणाऱ्याचं नाव विचारायचं. सासऱ्याचं नाव लिहायचं कसं, म्हणून जावई जरा अडखळला, मग त्याने ‘काचमामा’ असं लिहिलं आणि कानापर्यंत लाल झाला.

पहिल्याच दिवशी काचमामा तिसऱ्या बोळात पोचला. दुसऱ्या दिवशी जेवायला उठेना. रेघ ओढण्याचंच काम ते, फक्त हिरकणीच्या जागी काडी आणि काचेच्या जागी पडदा. म्हाताऱ्याच्या हाताने ते ओळखलं. तो बाल्कनीत यंत्र घेऊन बसायचा, जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, आणि बोळ पार झाला की मुलीला हाक मारून दाखवायचा. दर रविवारी जावई यंत्र मागून घ्यायचा, आपल्या टेबलावर मोठ्या कॉम्प्युटरला वायरने जोडायचा. “थोडं ठीकठाक करून देतो,” म्हणायचा. संध्याकाळपर्यंत परत. काचमामाला वाटे, तेलपाणी करत असेल.

तो आता वरच्या बोळांत होता. आणि एके दिवशी त्याने जाहीर केलं, की हात बरा झाला, आपण दुकानात जाणार.

दुकान पुतण्या बघायचा. कामाचा, सरळ माणूस. त्याने फोनवर सांगितलं, “काका, या ना, नुसते बसा. सध्या तर नाचाच्या वर्गाचं काम आलंय, भिंतभर आरसा. तो मी कापतो, मग तुम्ही—”

“तू बाजूला उभा राहा आणि बघ,” काचमामा म्हणाला. “आरसा मी कापणार.”

दिवस ठरला. मुलगी हरखली. बापाचा तो जुना आवाज तिला कितीतरी दिवसांनी ऐकू आला होता. जावई मात्र भिंतीला टेकून उभा होता.

“अजून थोडे दिवस…” तो म्हणाला.

“थोडे दिवस काय? बोला की पुढे,” मुलगी म्हणाली.

“नाही, म्हणजे… मोठा आरसा आहे.”

“अहो, मोठा आहे म्हणूनच तर,” सासरा म्हणाला, आणि जावयाने नेहमीप्रमाणे बाकीचं वाक्य गिळलं.

आरसा कापायचा त्याच्या आदल्या संध्याकाळी घरी पाहुणी आली. एका दूरच्या शहरात, इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी करणारी, पन्नाशीची, मोकळ्या आवाजाची बाई. कामासाठी इथे आली होती आणि जावयाला भेटून जाणार होती. दोघांची कितीतरी वर्षांची ओळख, पण सगळी इंटरनेटवरची. समोरासमोर पहिल्यांदाच भेटत होते. जावई दारात तिला बघून इतका वाकला, की तिला वाटलं पाया पडतोय.

जेवायला बसल्यावर मुलगी म्हणाली, “तुमच्याशी बोलतात हे? आमच्याकडे तर मीठसुद्धा खुणेने मागतात.”

“बोलतात म्हणजे? पानंच्या पानं लिहितात. यांच्या खेळांवर आम्ही किती जण काम करतो. मी ‘बोळ’ नव्या यंत्रांवर चालेल असा करून घेतला. कोणी रंग घातले, कोणी आवाज.”

“यांच्या खेळावर तुम्ही कशा काय काम करता?” काचमामाने विचारलं. त्याला खरंच समजलं नव्हतं.

“यांनी सोर्स कोड सगळ्यांना देऊन टाकलाय ना. म्हणजे खेळ ज्याच्यापासून बनतो ते सगळं लिखाण, ओळ न् ओळ. कोणीही उतरवून घ्यावं, वाचावं, बदलावं, पुढे द्यावं. अट एकच, ज्याने बदललं त्यानेही आपलं उघडं ठेवायचं.”

“फुकट?”

“फुकट.”

काचमामाने जावयाकडे पाहिलं. “म्हणजे फ्रेम विकायची नाही, फ्रेम कशी करायची तेच रस्त्यावर ओरडून सांगायचं. आणि पोट?”

“पोट पाणीखातं भरतं, बाबा,” मुलगी म्हणाली, आणि सगळे हसले. चांगलं जेवण चाललं होतं. मग तिनेच कौतुकाने सांगितलं, “बोळ आमचे बाबाही खेळतात. शेवटच्या बोळांत आलेत. उद्यापासून आमचे काचमामा परत दुकानात.”

पाहुणीने हातातली वाटी खाली ठेवली. “काचमामा? काचमामा म्हणजे हे? खरंच कोणी आहेत?”

“आहेत म्हणजे काय, तुमच्यासमोर बसून जेवतायत.”

“अहो, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही कुठे कुठे माहीत आहात. आम्हा सगळ्यांना वाटायचं, हा काहीतरी मंत्र असणार. एकाने तर मला विचारलं, काचमामा म्हणजे तुमच्याकडचा कोणी देव का? बोळात अडलं की जो तो नाव बदलून काचमामा लिहितो.”

“ते कशाला?” म्हाताऱ्याने हसत विचारलं.

“बोळ रुंद होतो ना मग.”

बटण दाबलं की दिवा लागतो, हे सांगावं इतक्या सहज ती बोलली. मुलीचा वाढणारा हात थांबला. जावयाने पाण्याचा पेला उचलला होता, तो तसाच परत ठेवला आणि ताटाकडे बघू लागला.

“कोणाचा बोळ रुंद होतो?”

“काचमामाचा. कोडमध्ये एक ओळच आहे तशी. नाव काचमामा असेल तर भिंती लांब सरकवायच्या, आणि काडी जरा लागली तरी काणाडोळा करायचा. घरच्या माणसासाठी घातलेली ओळ बाहेर देताना काढून टाकायची असते, ती हे विसरले. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा विचारलं, ही चूक राहिलीय का? तर यांचं उत्तर आलं, चूक नाही, राहू दे. मग आम्ही सगळ्यांनी राहू दिली.” ती बोलत होती आणि बोलता बोलता तिचा आवाज उतरत गेला, कारण तिच्याशिवाय खोलीत कोणीच हलत नव्हतं. “मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुमची घरातली गंमत असेल, असं…”

काचमामाचा घास हातात होता. कानात पाणी गेल्यावर आवाज जसे लांबून येतात तसं त्याला झालं. समोर जावई होता, त्याचा लाल झालेला कान दिसत होता, आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की बाल्कनीत बसून पार केलेला एकही बोळ आपला नव्हता.

“तुमच्याकडे आहे तो खेळ?” त्याने पाहुणीला विचारलं.

“आहे, पण—”

“दुसरं नाव घाला. कुठलंही.”

“बाबा, राहू द्या ना आता,” मुलगी म्हणाली. त्याने हात पुसला आणि यंत्रासाठी पुढे केला. पाहुणीने जावयाकडे बघितलं, जावयाने हळूच मान हलवली, तेव्हा तिने पिशवीतून आपलं यंत्र काढलं, दुसरं नाव घातलं आणि त्याला दिलं.

पहिलाच बोळ होता. काचमामाने काडी टेकवली, श्वास रोखला. पहिल्या वळणापर्यंतही पोचला नाही. ठिपका परत तोंडाशी. पुन्हा. पुन्हा तोंडाशी. हा बोळ त्याला रोज डोळे मिटून पार करता यायचा. किती वेळा केलं कोण जाणे, शेवटी मुलीने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि ते थरथरणारं मनगट पकडून ठेवलं.

“उद्या मी आरसा कापणार होतो,” काचमामा पाहुणीला म्हणाला, जशी चौकशीच्या खिडकीवर तक्रार सांगावी. मग जावयाकडे वळला. “तुला माहीत होतं.”

इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदा ‘तू’ म्हणाला, आणि तो असा.

“हो.”

“आरसा माझ्या मनगटावर आला असता, आणि तू मला स्कूटरवरून तिथे सोडून आला असतास.”

“नसतो आलो. आज सांगणार होतो.”

“केव्हा?”

“जेवण झाल्यावर.”

“जेवण रोज होतं.”

 त्या दिवशी जावयाने वाक्य गिळलं नाही. शब्द शोधत, टेबलक्लॉथच्या कडेवर बोट फिरवत तो बोलला. “पहिल्या दिवशी नेहमीचा बोळ दिला असता, तर यंत्र चेंडूच्या मागे कपाटाखाली गेलं असतं. म्हणून रुंद केला. मग दर रविवारी थोडा अरुंद करत होतो, तुम्हाला कळणार नाही इतका. तुम्ही पुढे येत होतात, ते खोटं नाही, बाबा. पहिल्यांदा बोळ हत्ती जाईल एवढा होता.”

“आणि आता?”

“आता गाढव.”

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा पडला. मुलगी तोंडावर हात धरून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. रडायला गेली की हसायला, हे तिलाही सांगता आलं नसतं. काचमामा उठला, हात धुतला आणि खोलीचं दार लावून घेतलं. पाहुणी जाताना तिचा निरोप घ्यायलाही आला नाही. त्या माणसाने आपल्याला हातभर अंतरावर बसून, रविवारमागून रविवार फसवलं, हे त्याला पटतच नव्हतं. आणि फसवण्याइतका तो आपल्याकडे बघत होता, हे त्याहून पटत नव्हतं.

सकाळी तो दुकानात गेला. पुतण्याने टेबल पुसून, हिरकणी रॉकेलमध्ये बुडवून, सगळं मांडून ठेवलं होतं.

“तू काप,” काचमामा म्हणाला.

“काका, तुम्ही म्हणाला होतात—”

“म्हणालो होतो. काप.”

पुतण्याने कापला, आणि चांगला कापला. काचमामा उजवा हात खिशात घालून उभा होता. मोडताना आरशाने तो कोरडा, साफ आवाज केला तेव्हा खिशातल्या हाताला आपोआप झटका बसला. तसा झटका रेघ ओढताना बसला असता तर काय झालं असतं, ते दुकानातल्या दोघांपैकी एकालाच माहीत होतं.

त्यानंतर घरात अबोला. म्हणजे सासऱ्याचा; जावयाच्या बाजूने फरक ओळखणं कठीण होतं. यंत्र बाल्कनीत पडून राहिलं. रविवार आला तेव्हा जावई ते न्यायला आला, तर काचमामाने ते मांडीवर घट्ट धरलेलं.

“आधी ती ओळ काढ.”

“इथली आजच काढतो. तुम्ही म्हणाल तसं.”

“इथली नाही. सगळीकडची. माझ्या नावाने जगभर लोक लबाडी करतायत.”

जावई जमिनीवरच बसला. “ती नाही काढता येणार. ज्यांनी उतरवून घेतलंय, त्यांच्याकडे ते आहेच. दिलेलं परत मागायची सोय यात ठेवलेलीच नसते. मीच तसं लिहून दिलंय.”

“मग तू लोकांना देतोस त्यातली काढ, आणि सांग की आता काढलीय.”

“नाही.”

काचमामाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. या माणसाने या घरात कधी चहाला नाही म्हटलं नव्हतं.

“नाही काढणार, बाबा,” जावई म्हणाला. “ती ओळ विसरून राहिली होती, हे खरं. पण मग माणसं लिहायला लागली. एक बाई आहे, तिचं मनगट मोडलं होतं. एक जण ऑर्गन वाजवायचा, त्याचे हात थरथरतात. एकीचा मुलगा आहे, तो काडी मुठीत धरतो. ही सगळी काचमामा लिहून खेळतात. कोणी विचारतं, अजून थोडा रुंद कसा करायचा? मी सांगतो, तो आकडा बदला. कोणी सांगतं, मी थोडा अरुंद केला. ओळ काढली तर त्यांच्यासाठी दुसरी लिहावी लागेल, आणि तिला नाव काय देऊ?”

“माझं सोडून काहीही दे.”

“दुसरं सुचत नाही.”

 जावई एका दमात इतकं बोलू शकतो, हेच म्हाताऱ्याला माहीत नव्हतं. आपल्या घरात, आपल्या मागच्या खोलीत, आपण ओळखत नाही अशा कितीतरी थरथरणाऱ्या हातांशी हा माणूस बोलत बसायचा, आणि आपण त्याला पंखा लावायला सांगत होतो. रागाचा शब्द जिभेवर होता. तो बाहेर आला तेव्हा भलताच झाला.

“ऑर्गनवाला कितव्या बोळात आहे?”

“चौथ्या.”

“रुंद?”

“रुंद.”

काचमामाने यंत्र त्याच्या हातात दिलं. “यातलं माझं नाव काढून दुसरं घाल. आणि नेहमीचा बोळ नको. खरं काय ते सांग, गाढवाच्या पुढे काय येतं?”

जावयाने विचार केला. “कुत्रा.”

“मग कुत्रा कर. आणि आता चोरून नाही. मला विचारून.”

त्यानंतरचे रविवार वेगळे गेले. जावई मागच्या खोलीत स्टूल ओढून द्यायचा आणि काचमामा त्याच्याशेजारी बसायचा. पडद्यावरच्या त्या ओळी म्हाताऱ्याला शेवटपर्यंत मुंग्यांसारख्या दिसल्या, पण त्यातला आपला आकडा कुठला, ते त्याला ओळखता येऊ लागलं.

“थोडा कमी करू?” जावई विचारायचा.

“कर.”

आणि कधी, “थांब, अजून एक आठवडा राहू दे,” असंही काचमामा म्हणायचा, आणि असं म्हणताना त्याला लाज वाटेनाशी झाली होती. कुत्र्याचं मांजर झालं. मांजराशी बरेच दिवस अडलं. मुलगी चहा घेऊन यायची आणि दारातूनच म्हणायची, “आता दोघं मिळून मला सवती आणा.”

एके दिवशी जावई कार्यालयातून सुटून दुकानात आला. पुतण्या गिऱ्हाइकाकडे गेला होता. टेबलावर एक फोटोची काच होती, वहीच्या पानाएवढी. काचमामाने त्याला काही सांगितलं नाही. हिरकणी घेतली, पट्टी लावली आणि ओढली. जावई दाराच्या चौकटीत, वाकूनच, श्वास धरून उभा होता. काच टेबलाच्या कडेवर आणून दाबली. रेघेवर तुटली, शेवटाला जरासा दात राहिला. पूर्वी अशी काच त्याने टोपलीत टाकली असती.

“चालेल?” काचमामाने विचारलं.

“मला त्यातलं… फ्रेमखाली जाईल ना तो दात?”

“जाईल.”

“मग चालेल.”

तेव्हापासून काचमामा सकाळचे काही तास दुकानात जाऊ लागला. लहान काचा तो कापायचा, मोठ्यांना हात लावायचा नाही. जावई कार्यालयात जाताना त्याला स्कूटरवर सोडायचा. रस्ताभर दोघं गप्प असायचे, आणि ते दवाखान्यातलं गप्प नव्हतं. एवढं तरी त्याला ओळखलं होतं, असं आता वाटतं. पण ऑर्गनवाल्याला तो काय लिहायचा, रात्रंदिवस मनात काय चालायचं, छातीत कधी दुखत होतं का, हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं असतं, हेही खरं.

जावई गेला त्या दिवशीही त्याने दुकानासमोर स्कूटर उभी केली. काचमामा उतरला, डबा घेतला.

“आज मोठं काही नाही ना?” जावयाने विचारलं.

“नाही. दोन फोटो, आणि शेजारच्यांच्या खिडकीची एक काच.”

“जेवायच्या सुट्टीत येतो मग. बरोबरच घरी जाऊ.”

“ये. पण बाहेरून हॉर्न वाजवू नकोस, पुतण्या दचकतो.”

“बरं.”